इथं डाग हाय

आमच्या घरमालकांनी मला भाडेचिठ्ठी वाचून दाखवली त्याला पाऊण तास लागला. चिठ्ठी एका पानाची होती. मी जिंतूरच्या कन्याशाळेत नव्यानं रुजू झालेली, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात ट्रंक, आणि पोटात सकाळच्या एका चहाशिवाय काही नाही. ते खुर्चीत ताठ बसले, चष्मा लावला आणि स्टॅम्पपेपरच्या वरच्या टोकापासून निघाले. कागदाचा नंबर. विकणाऱ्याचं नाव. त्याचं गाव. शिक्क्यातलं जे उमटलं होतं ते वाचलं, आणि जे उमटलं नव्हतं तिथं म्हणाले, "इथं डाग हाय." मग माझी खोली आली. खिडक्या दोन, कोयंडे तीन, पैकी एक ढिला. मांजर एक, रंग भुरा, घरासोबत. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव वाचलं, ते त्यांचंच होतं, आणि कागदाची घडी घालून म्हणाले, "तमाम शुद." मला वाटलं शिवी दिली.

त्याचा अर्थ 'संपलं' असा होतो हे नंतर कळलं. ऐन विशीत निजामाच्या तहसील कचेरीत ते पेशकार म्हणून लागले होते. साहेबापुढं कागद पेश करायचा, म्हणजे मोठ्यानं वाचायचा, हे त्यांचं काम. साहेब डोळे मिटून ऐकणार आणि सही ठोकणार. पेशकारानं मधली एक ओळ गाळली तर कुणाची जमीन कुणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही. पुढं निजाम गेला, कचेरीवरची पाटी बदलली, हे यथावकाश रिटायरही झाले. खोड मात्र तशीच राहिली. अख्खं गाव त्यांना पेशकारसाब म्हणायचं, मी काका म्हणायचे, आणि ते मला बाई.

उर्दू, मोडी, बाळबोध, काहीही पुढं ठेवा, काका वाचणार. पण वाचणार ते सगळं. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस तर हमखास फसायचा. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'पासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत त्याला उभं राहून ऐकावं लागे. शहाणे लोक पत्रिका उंबऱ्यावरून आत टाकून पळ काढायचे. मूळव्याधीच्या मलमाचा कागद त्यांनी एकदा ओट्यावर बसून वाचला तेव्हा समोरच्या नळावरच्या बायका हंडे तसेच सोडून घरी गेल्या होत्या.

एकदा समोरच्या शिंप्याच्या बायकोला तार आली. तार म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. गल्ली गोळा झाली, आणि काकांनी सुरुवात केली कुठून, तर कुठल्या हपिसातून निघाली, किती वाजता निघाली, शब्द किती. तिचा भाऊ गेला हे शेवटच्या दोन शब्दांत होतं. मी त्या संध्याकाळी त्यांना फैलावर घेतलं. माणसाला काही काळीज आहे का नाही, असंही बोलले. पंधरा दिवसांनी ती शिंपीणच मला म्हणाली, "बाई, ते वाचायले तवर मी भुईला बसून घेतलं. न्हाईतर उभीच पडले असते." मी तोंड मिटलं, पण काकांची माफी काही मागितली नाही. तेवढा अंगात माज होता तेव्हा.

ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून आधीच गावोगावी घरं जळून गेली होती, ओळखीची माणसं रस्त्यात नजर चुकवायची, आणि मधूनच कधीतरी एसटी बंद व्हायची. चौकातल्या हॉटेलात दोन्हीकडची पत्रकं एकाच टेबलावर येत. काका दोन्ही वाचत, एकाच आवाजात, घोषणांसकट आणि मुद्रकासकट. भांडायच्या तयारीनं आलेली माणसं तिसऱ्या परिच्छेदात जांभया द्यायला लागत. एकदा एकानं त्यांना पेचात पकडायला विचारलं, की तुमचं स्वतःचं काय म्हणणं? काका म्हणाले, "ज्याचं नाव त्याला द्यावं. ते दाबून ठेवू न्हाई." हे नामांतराच्या बाजूचं धरून दुसऱ्या दिवसापासून हॉटेलवाल्यानं त्यांना आत बसू देणं बंद केलं. मग ते बाहेरच्या बाकावर बसून वाचू लागले. आवाज तेवढाच होता, त्यामुळे गिऱ्हाइकांची काही सुटका झाली नाही.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण माझा भाचा. त्यानं मध्यंतरी माझ्या फोनवर एक पान लावून दिलं. आमच्या भागातून गेलेल्या एका नामांकित चित्रकाराची सगळी पत्रं कुणा संस्थेनं इंटरनेटवर ठेवली आहेत. येलदरीच्या वाटेवरच्या खेड्यात जन्मलेला हा माणूस मुंबईला गेला, तिथून परदेशात गाजला, आणि मी जिंतूरला येण्याआधीच वारला. "फुकट आहे मावशी, नाव-गावसुद्धा विचारत नाहीत," भाचा म्हणाला. फुकट म्हटल्यावर मी सोडते का? डावीकडं पत्राचा फोटो, ती सगळी मोडी, मला मुंग्यांची रांग. उजवीकडं तेच बाळबोधीत टाइप केलेलं.

आता एवढा थोर माणूस पत्रात काय लिहील? प्रकाश, रंग, माणसाचं दुःख? छे. बुडाला गळू झालंय. इथलं पाणी बाधतं. कारळाची चटणी संपली, लवकर पाठव, आणि या खेपेला लसूण जास्त घाल. एका पत्रात तर आठ ओळी फक्त गळवावर आहेत. मला तो माणूस पहिल्यांदाच आवडला.

पण उजवीकडचा मजकूर वाचता वाचता मी खुर्चीतून उठलेच. लिहिलं होतं, 'अक्कास सप्रेम नमस्कार. चटणी पोचली. इथं डाग हाय. तब्येत बरी आहे. इथं कागद दुमडला, जबाबदारी माझी न्हाई.' पुढच्या पत्रात, 'घरची फार आठवण येते. इथं अक्का शिंकली.' अहो, हे आमचे काका. आमच्या काकांना त्यांनी चित्रकाराच्या पत्रात शब्दशः टाइप करून टाकलं होतं. खाली कुणा विद्वानाचा लेखही जोडलेला होता, या कलावंताला डागाचं केवढं भान होतं, रेषा जिथं थांबते तिथं डाग कसा बोलतो, असा. मी हसून हसून बेजार झाले. भाचा पाणी घेऊन आला.

हा घोटाळा कसा झाला ते मला ठाऊक होतं, कारण मी तिथंच बसले होते.

चित्रकाराची थोरली बहीण आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. आई लवकर गेली म्हणून या भावाला तिनंच वाढवलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे भावाची पत्रं यायची ती 'मार्फत पेशकार, तहसील कचेरी'. काका कचेरीतून येताना तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचे, आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचे. पत्रं त्रेसष्ट. ती परकराच्या नाडीनं बांधून तिनं डब्यात ठेवलेली, आणि घडीवरून, कोपऱ्यावरून तिला प्रत्येक पत्र ओळखू यायचं. डोळे मिटून हात फिरवी आणि सांगे, हे गळवाचं, हे बोटीचं.

तिच्या देवघरात देवांशेजारी एका चित्राची चौकट होती. कुठल्याशा मासिकातलं पान. न्हाणीच्या दगडापाशी उभी असलेली बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात तांब्या, आणि चेहऱ्यावर आत्ता कुणाला तरी धपाटा घालील असा भाव. त्या माणसाचं सगळ्यात गाजलेलं चित्र हेच. "ही मी," अक्का मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "लोक त्याला इचारतेत, कोण ही. तो सांगतो, माझी बहीण. पत्रात लिवलंय त्यानं." पानाची खालची कड जरा वाकडीतिकडी कापलेली होती. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

शाळेच्या कपाटात एक जुनं जाडजूड पुस्तक होतं. त्यात एक दिवस तेच चित्र सापडलं, आणि खाली छापील नाव: 'मोलकरीण'. मी पुस्तक घेऊन तडक काकांकडं गेले. ते मलमाची डबी वाचत होते. पुस्तक पुढं ठेवलं. त्यांनी ते नाव वाचलं नाही. मी त्यांना समोरचा कागद न वाचता बाजूला सारताना पहिल्यांदा बघितलं.

मग सांगितलं त्यांनी. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात लिहिलं होतं, की लोक विचारतात ही कोण, आणि मी सांगतो, आमच्या घरची मोलकरीण. अक्का समोर बसलेली, हातावर तंबाखू तशीच, तोंड उघडं ठेवून ऐकत होती. काका तेव्हा तरणे होते. ते त्या शब्दापाशी आले आणि त्यांच्या तोंडून निघालं, माझी बहीण. पुढं मासिकातलं पान आलं तेव्हा खालची ओळ त्यांनीच कात्रीनं उडवली. ही गोष्ट कुणाला सांगणार नाही म्हणून त्यांनी मला पोखर्णीच्या नरसिंहाची शपथ घातली. मी शपथ घेतली, आणि वर त्यांना टोमणाही मारला, की काका, नाव दाबून ठेवू नये म्हणत होता ना? आज वाटतं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात मुंबईहून एक बाई आल्या. चित्रकाराची पत्रं जमवायचं काम संस्थेनं त्यांना दिलं होतं. सोबत कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर. मोडी त्यांना येत नव्हती, तेव्हा पत्रांचे फोटो काढायचे आणि काकांनी वाचलेलं टेप करायचं, असं ठरलं. अक्काची अट एकच: पत्रं माझ्या डोळ्यांआड जाणार न्हाईत, काय वाचायचं ते माझ्यासमोर वाचा. ती खुश होती. तीस वर्षांनी सगळं पहिल्यापासून ऐकायला मिळणार म्हणून तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, ते पत्र काढून ठेवा. ते म्हणाले, तिला हातानं कळतं. मग मी म्हटलं, त्यात काय एवढं, तेव्हा वाचलं तसंच आत्ता वाचा, बाईंना कुठं मोडी येते? त्यावर काका म्हणाले, "तवा बोललो ते कानात गेलं, बाई. हे रेकॉर्डात जायलंय." रेकॉर्डात खोटं घालायचं म्हणजे त्यांच्या लेखी देवळात चपला घालून शिरणं. आणि खरं वाचायचं म्हणजे पंचाहत्तरीच्या म्हातारीला तिच्या भावानं मोलकरीण म्हटलं, हे तिच्या तोंडावर सांगायचं. दोन रात्री त्यांच्या खोलीतला दिवा मालवला नाही.

तिसऱ्या दुपारी ते पत्र आलं. अक्कानं हात लावून सांगितलं, हे चित्राचं. काकांनी तारीख वाचली. गाव वाचलं. गळू बरं झाल्याचं वाचलं. मग त्याच आवाजात, मलमाचा कागद वाचतात त्या आवाजात, वाचलं: "तुझं चित्र लागलं. लोक विचारतात, ही बाई कोण. मी सांगतो, आमच्या घरची मोलकरीण. इथं असंच सांगावं लागतं, तू मनास लावून घेऊ नकोस."

अक्का म्हणाली, पुन्हा वाच. त्यांनी पुन्हा वाचलं. टेपचं चाक फिरत होतं आणि मुंबईच्या बाईंना काय झालं ते कळत नव्हतं.

"एकच वळ बदलली का आनखी?" अक्कानं विचारलं.

"एकच."

"बाकी समदं खरं?"

"खरं, अक्का. डागासकट."

तिनं देवघराकडं बघितलं. मला वाटलं रडेल. रडायचं सोडून तिनं पदर खोचला. म्हणाली, "मोलकरीण न्हाई म्हन. सख्खी बहीण हाय. तिथं त्याला न्हाऊ घालायला उभी हाय मी, धुनं धुवायला न्हाई. लिव त्याच्या पत्रात."

"हे त्याचं पत्र हाय, अक्का. यात आपल्या मनचं घालता येत न्हाई."

"तीस वर्सं तुला आलं की."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद डोळ्यांपुढं धरला आणि टेपरेकॉर्डरकडं तोंड करून सावकाश, खणखणीत वाचलं: "मोलकरीण न्हाई. सख्खी बहीण हाय. तिथं मला न्हाऊ घालायला उभी हाय, धुनं धुवायला न्हाई." मग पुढची ओळ वाचली, ती कारळाच्या चटणीची होती. आयुष्यात एकदाच त्यांनी रेकॉर्डात खोटं घातलं, आणि ते मी या कानांनी ऐकलं.

त्यानंतर अक्का त्यांच्याशी बोलेना. काकांचा आवाज बंद झाला. पेपर मनात वाचायचे. लग्नपत्रिका देणारे दारात थबकून वाट बघायचे आणि ओशाळून निघून जायचे. गल्ली अगदी मेल्यासारखी झाली. मला त्या दोघांचाही राग यायचा आणि रडूही यायचं. दोन महिन्यांनी अक्का विजेचं बिल घेऊन आली, त्यांच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, "वाच. काई सोडू नको." काकांनी ग्राहक क्रमांकापासून धरलं. येलदरीच्या धरणावर एवढी वीज तयार होते आणि आमच्या गल्लीत अंधार, अशी मध्येच अक्काची टिप्पणी, आणि हे वाचतायत सूचना क्रमांक सात. मी आत जाऊन भांडी घासायचं निमित्त केलं, कारण डोळे वाहायला लागले होते.

अक्का त्यानंतर तीनेक वर्षांनी गेली. नामांतराचा निकाल लागला तेव्हा काका हयात होते. जुनं नाव ठेवून त्याला नवं जोडलंय हे पेपरात वाचून म्हणाले, बरं झालं, नाव लांबलं, वाचायला जरा वेळ लागेल. पुढच्या थंडीत तेही गेले. मुंबईच्या बाईंनी नोकरी बदलली, कॅसेट्स कपाटात पडून राहिल्या, आणि पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी त्या ऐकून काकांनी वाचण्याच्या सुरात म्हटलेलं सगळं सरसकट टाइप केलं. डाग, शिंक, आणि अक्काची ती ओळही. तो चित्रकार आपल्या पत्रात स्वतःच म्हणत होता: मोलकरीण न्हाई, सख्खी बहीण हाय. मी ते पान रोज सकाळी चहाबरोबर उघडायचे.

गेल्या महिन्यात उघडलं तर ओळ गायब. वर लिहिलेलं, 'सुधारित वाचन'. मोडी जाणणारा कुणी तरुण त्यांना मिळाला होता. त्यानं मूळ पत्रं बघून डाग काढले, शिंक काढली, आणि ती ओळही काढली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण चित्राखाली अजून 'मोलकरीण'च होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन लावला.

एक मुलगी बोलली, गोड आवाजाची. म्हणाली, आजी, मूळ पत्रात ती ओळ नाहीये. मी म्हटलं, ठाऊक आहे मला, घालणाऱ्याच्या घरात मी भाड्यानं राहत होते. ती म्हणाली, मग तुमची तक्रार थोडक्यात सांगता का, मी लिहून घेते. मी म्हटलं, थोडक्यात नाही. ते पत्र उघडा आणि मला वाचून दाखवा. तारखेपासून. ती हसली, पण मी म्हातारी, माझं मन कोण मोडणार? वाचायला लागली. तारीख. गाव. मी म्हटलं, कुणाला लिहिलंय ते राहिलं. ती म्हणाली, "थोरल्या बहिणीस." मग गळू आलं, ते तिनं घाईघाईनं उरकायला बघितलं, मी तिला मागं नेलं. मग ती वाचू लागली, "तुझं चित्र लागलं. लोक विचारतात, ही बाई..."

आणि थांबली.

"पुढं?" मी म्हटलं.

ती पुढं काही वाचेना. मग तिनं मागची ओळ परत वाचली, स्वतःशीच, "तुझं चित्र." मी घाई केली नाही.

"आजी," ती म्हणाली, "आमच्याकडं सगळीकडं नुसतं अक्का आहे. त्यांचं नाव काय होतं?"

"द्वारका," मी म्हटलं. "लिहा."